मोठे बाबा, बॅटरीत पाणी मी टाकत होती

मोठे बाबा, आज मधात गुड्डी नाई. तिले शेजारच्या काकूपाशी ठेवून आली आन् तुमच्या जांचघरात, रक्त तपासाच्या या खोलीत, टेबलाच्या इकडल्या बाजूले स्टुलावर बसली. लग्नाले अडीच वर्षं झाले, एका घरात राह्यलो, दोन टाइम तुमाले ताट वाढलं, पण आपल्यात एक शब्द सरळ झाला नाई. तुमी माये भासरे, यायचे, म्हंजे माया नवऱ्याचे, मोठे भाऊ. भासऱ्यासमोर बसाचं नाई, बोलाचं नाई, सावली पडू द्याची नाई. सासूबाईनं लावून देल्ली रीत, त्या गेल्या, रीत राह्यली. गुड्डी झाली तवापासून आपलं सारं तिच्या नावानं चाले. तिले एक दात नोता आन् साऱ्या घराचा वेव्हार तिच्या तोंडून. तुमी म्हणत, गुड्डी, तुया मायले म्हणा चहात साखर जास्त झाली. मी म्हणत होती, गुड्डी, मोठ्या बाबाले म्हणा ताट वाढलं. ते पोरगी इकडं पाहे, तिकडं पाहे आन् मूठ चोखे.

आता तुमी नाई, तं मी बोलून राहिली. आता कोण काय म्हणन.

एकच गोष्ट सांगाची हाय. तुमचा रिपोर्ट चुकला होता. आन् त्याच दुपारी त्याच मशीनवर सावरगावच्या गिरजाबाईच्या सुनेचा रिपोर्ट निंघाला, ललिताचा, सात महिन्याची पोटुशी, तोही चुकला होता. गाव म्हणते, ज्याले स्वतःची कावीळ वळखू आली नाई तो दुसऱ्याचं खून काय तपासे. चक्कीवर म्हणते, नळावर म्हणते, मले आयकू येईन असं म्हणते. तुमाले सारं वळखू येत होतं, मोठे बाबा. बॅटरीत पाणी मी टाकत होती.

मानसाशी तुमचं भांडण म्या कधी पाह्यलं नाई, लाइटशी मात्र रोज. सौंसरची सरकारी नोकरी सोडून तुमी पांढुर्ण्याले घराच्या समोरच्या खोलीत जांच सुरू केली, मशीनी आणल्या, आन् मंग समजलं का आपल्याकडची लाइट मशीनीसाठी नाईच. जाते तं जाते, त्याचं काई नाई. येते तोच घोर. संत्र्याच्या बगीच्यातले पंप लोक चालूच ठेवून घरी येते, म्हंजे लाइट आली का पाणी आपोआप सुरू. लाइट आली का सारे पंप एकदम ओढत, बल्ब कंदिलावानी लाल होये, आन् घडीभरानं कुठं फ्यूज उडाला का एकदम पांढराफक. तुमी हात मांडीवर ठेवून खुर्चीवर बसून राहत, जसं काई कोणाच्या अंगात आलं आन् उतराची वाट पाहून राहिले.

तुमचा जीव त्या एका डब्ब्यात होता, कलरीमीटर म्हणत त्याले. पडद्यामागून पाहू पाहू मी सारं शिकली. आत एक बारका बल्ब, बल्बासमोर काचेची नळी. पहिले साध्या पाण्याची नळी ठेवून काटा शून्यावर आणाचा, मंग बिमाराची नळी ठेवाची. रंग जितका गडद तितका काटा पुढं, तितका रोग जास्त. पण मधातच बल्ब उजळला तं गडद रंगही फिका वाटे आन् काटा कमी सांगे. मंदावला तं जास्त सांगे. तुमी जेवता जेवता यायले सांगत, मशीन खोटं बोलत नाई रे, लाइट तिच्या तोंडून खोटं बोलवते. मी चुलीपाशी पोळ्या लाटू लाटू आयकत होती.

मंग वर्षभर तुमी त्याच्यावर उपायच शोधत राह्यले. स्टॅबिलायझर पहिलेपासून होता, तो दिवसभर टकटक करे, आन् लाइटच नसली तं तो काय करन. कापडवाल्याचा केरोसीनचा जनरेटर एक दिवस मागून आणला, आंगनात ठेवला, घरभर धूर, गुड्डी खोकू खोकू लाल झाली, आन् तुमचा काटा थरथरे तो थांबेचना. तुमी तो संध्याकाळच्या आत परत नेऊन देल्ला. नागपुरात एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर पाहून आले, दोघायनं उचलावा असा, गुणगुण करते म्हणे पण लाइट कशीही आली तरी सारखी करून पुढं देते. पण लाइट गेली का तोही मेला. आन् बसस्टँडजवळचा रेडिओवाला गणपत मिस्त्री म्हणे, मी ट्रकच्या बॅटरीवर मशीन चालवून देतो, एक डब्बा बनवतो, लाइट गेली का खटका खाली करा, बस.

आठ दिवस घरात तोच विषय. कोणतं घ्याचं. तवा म्या पहिल्या बार तोंड घातलं, गुड्डीले कडेवर घेऊन दाराआडून. म्हणलं, गुड्डी, मोठ्या बाबाले म्हणा दोन्ही घ्या. लाइट असतानी लोखंडी डब्बा आन् नसतानी बॅटरी. आन् बॅटरीवर फक्त कलरीमीटर ठेवा, खून गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं कराची मोठी मशीन तिच्यावर नका लावू, जुनी हाताची मशीन हाय ना पडेल, ते मी फिरवतो म्हणा.

तुमी इतके हसले. "गुड्डी, तुयी माय सातवी शिकली का इंजिनेरी शिकली?"

पण दुसऱ्या दिवशी हाताची मशीन घासून, तेल देऊन, पडद्याच्या इकडं चौरंगावर ठेवेल दिसली. तुमी नळ्या ताटलीत घालून उंबऱ्यावर ठेवत आन् मागं सरकत, मंग मी ताटली उचले, फिरवून परत उंबऱ्यावर ठेवे. दोन महिने असंच चाललं. माया हात दुखे, पण मले वाटे का मी कोणी हाय. बॅटरी तेवढी आली. लोखंडी ट्रान्सफॉर्मर पुढच्या साली घेऊ म्हणलं तुमी.

एक दिवस तुमाले माया हाताले बांधेल फडकं दिसलं असन. ताटली आली नाई. मोठी मशीन बॅटरीवर घरघर कराले लागली आन् तुमी म्हणले, गुड्डी, तुया मायले म्हणा लेकुरवाळीनं इतके कष्ट नाई कराचे. तुमी दयेनं केलं ते. म्या म्हणलं, म्हणा मशीन लागली का बत्ती मंद होते. तुमी म्हणले, ट्रक ओढते ते बॅटरी, हे बारकी मशीन नाई ओढणार? आन् ते बरोबरच होतं. मिस्त्री बी मागून तेच म्हणे, बॅटरी धडाची असती तं दोन्ही ओढती. आपला वाद मी हरली, पण बॅटरी धड नाई हे तुमाले कोठून माहीत.

पाणी माया कामात होतं. दर सोमवारी सहा बुचं उघडाचे, आत पाहाचं, पट्ट्यायच्या वर बोटभर पाणी नसलं तं डब्यातलं डिस्टिल पाणी टाकाचं. तो डबा तुमी नागपूरहून आणत, तेच पाणी तुमाले तपासणीच्या दवाईत लागे. तुमी मंगळवारी आन् शुक्रवारी सौंसरले नमुने आणाले जात. एक बार सोमवारी पाहतो तं डब्यात दोन बोटं पाणी. तुमचं काम अडन म्हून म्या ते राखलं. आन् मले वाटलं, साफ पाणीच पाह्यजे ना. गुड्डीसाठी डॉक्टरनं सांगेल होतं का पाणी खळखळ उकळा, जंतू मरते, मंग पाणी साफ. मी रोज विहिरीचं पाणी उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून, झाकून ठेवत होती. माया लेकराले जे चालते ते लोखंडाले काहून नाई चालन. म्या ते थंड करून बॅटरीत टाकलं. एक थेंब सांडू देल्ला नाई. मंग दर सोमवारी तेच टाकलं.

घाण म्हंजे जंतू, एवढंच मले माहीत होतं, मोठे बाबा, आन् तेही तुमीच दाखवलं होतं. आठवते का, एक दिवस तुमी दुर्बिणीची बत्ती लावून उठले आन् म्हणले, गुड्डी, मायले म्हणा मी पान खाऊन येतो, तवर आत डोकावून पाहाचं असन तं पाह्य म्हणा. तुमी पान खातच नोते. मी डोळा लावला, बारके बारके दांडू, आन् माया अंगावर काटा आला. माहेरी बोरगावात कोणा बाईनं ते पाह्यलं नसन. तुमी चौकापर्यंत जाऊन हळूहळू परत आले, खोकत आले, मले सरकाले टाइम भेटावा म्हून. त्या दिवशीचे उपकार बोलाचे राह्यले. कसं बोलती. गुड्डीच्या तोंडून असं थोडंच बोलता येते.

आन् तुमी विचारलं होतं. तेच मले खाऊन राहिलं. तुमी डबा हातात घेऊन हालवला आन् म्हणले, गुड्डी, हा डबा चार महिने कसा पुरून राहिला, मायले विचार. तुमच्या आवाजात राग नोता, नवल होतं. तवा बोलली असती, उकळेल पाणी टाकतो, तं तुमी कपाळाले हात लावला असता, नवीन बॅटरी आणली असती आन् गोष्ट संपली असती. पण मले वाटलं, तुमी खुश हाय. म्या म्हणलं, म्हणा जपून वापरतो. तुमी म्हणले, शाबास.

दर पंधरा दिवसानं मी पाण्याच्या पातेल्याच्या बुडाचा पांढरा खार खरवडून काढत होती, चमच्यानं, किरकिर आवाज करत. जो खार बुडाले बसते तोच पाण्यात बी राहते, उकळल्यानं जात नाई, हे माया डोक्यात आलं नाई.

बॅटरी आली तशे तुमी निर्धास्त झाले होते. पहिले लाइटवर भरोसा नोता म्हून प्रत्येक आकड्यावर शक घेत. आता म्हणत, आपली लाइट आपल्या घरात बनते. आन् इकडं दर सोमवारी मी ते थोडी थोडी मारत होती.

ते दुपार सांगतो.

चार दिवसापासून तुमी जेवत नोते. यायले म्हणत होते, तोंडाले चव नाई, लघवी पिवळी होऊन राहिली. तुमाले काविळीचा शक होताच. कितीदा काचेच्या नळीनं तोंडानं खून ओढताना थेंब तोंडात गेला असन आन् तुमी चूळ भरून हसून सोडून देल्लं असन. हे सकाळच्या बसनं सौंसरले, कचेरीत. लाइट गेली. घरात तुमी, मी आन् गुड्डी. तुमी स्वतःचं खून स्वतः काढलं. रबराची नळी एका हातानं दंडाले गुंडाळली, दुसरं टोक दातात धरून ओढलं आन् उजव्या हातानं सुई लावली. दोनदा सुई चुकली. मी पडद्यामागं उभी, चार हातावर. दातातलं टोक धरून देणं, एवढंच काम होतं, कोणी बी धरून देल्लं असतं. माया हात उचललाच नाई.

मंग तुमी नळ्या फिरवल्या, तुमची आन् ललिताची, सकाळी गिरजाबाई सुनेले घेऊन आली होती. थकवा हाय, उलट्या होते, म्हणे. त्या दोन नळ्यात दवाई टाकून रंग येऊ देल्ला, आन् तवर दुसऱ्या लोकायच्या नळ्या मशीनमधी लावून देल्ल्या. मशीन घरघर करून राहिली होती तवा तुमी साध्या पाण्यावर काटा शून्यावर आणला. दुर्बिणीची बत्ती त्याच लायनीवर होती, मले इथून दिसे, ते लालसर झाली होती. मंग मशीन थांबली. बत्ती एकदम उजळली, टेबलावर पांढरा गोल पडला. तुमी डोळे चोळून राहिले होते, तुमाले ताप होता. तुमी काटा परत शून्यावर आणला नाई. तुमची नळी ठेवली. मंग ललिताची ठेवली. दोन्ही आकडे लिहून घेतले.

मले समजलं होतं. पूर्ण नाई, पण एवढं समजलं होतं का बत्ती बदलली, काटा परत शून्यावर घ्यावं लागते. तोंडात आलं होतं. पण गुड्डी झोपली होती, मोठे बाबा. नुकतीच झोपली होती, किती रडून. मी कोणाच्या नावानं बोलू. तिले उठवाले खांद्याले हात लावला आन् हात मागं घेतला. मले वाटलं, तुमी शिकेल मानूस, तुमाले दिसलं नसन का. मले वाटलं, सांगन बाबा संध्याकाळी यायले.

संध्याकाळी तुमी यायले रिपोर्ट दाखवला. जरासा वर हाय, काई नाई, साधा ताप हाय, म्हणले. दोघं भाऊ हसून जेवाले बसले, चार दिवसानं पहिल्यांदा तुमी अर्धी पोळी जास्त मागतली. त्या हसण्यात काहून तोंड घालावं. म्या पोळी वाढली.

लिव्हर चांगलं हाय म्हून तुमी तापाच्या गोळ्या खाल्ल्या, आठ दिवस उन्हात सौंसर-पांढुर्णा केलं. नवव्या दिवशी तुमचे डोळे हळदीवानी झाले आन् तुमी भ्रमात यायले शाळेतली मास्तरीण समजून नमस्ते केलं. जीप आली. तुमाले उचलून मागच्या सीटवर निजवलं. मी गुड्डीले घेऊन दारात. तुमी डोळे उघडले, एवढ्या मानसायत गुड्डीलेच पाह्यलं आन् म्हणले, "गुड्डी, तुया मायले म्हणा, बॅटरीचं पाणी पाहत जा."

सोमवार होता. जीप गेली आन् म्या बुचं उघडून पाणी टाकलं. उकळेल, गाळेल. तुमी सांगून गेले म्हून, रडू रडू, काठोकाठ.

तुमी तिसऱ्या दिवशी गेले. यायनं नागपूरच्या डॉक्टरले विचारलं, आठ दिवस आधी आणलं असतं तं? डॉक्टर म्हणे, सांगता येत नाई. त्यायनं म्हणलं असतं का वाचले असते, तं मी एकदाच मरती. नसते वाचले म्हणलं असतं, तं एकदाच रडती. डॉक्टरचं ते ‘सांगता येत नाई’ रोज सकाळी उठून माया उशाशी बसते.

तेरवी झाली. दोन दिवसानं गणपत मिस्त्री आला, जांचघर चालू ठेवाचं असन तं बॅटरी पाहून घेतो म्हणे. सौंसरचे टेक्निशियन वानखडे या खोलीत बसाले तयार झाले होते. मिस्त्रीनं बुचं उघडले, आत बत्ती धरली आन् बहुत वेळ पाहत राह्यला. मंग म्हणे, "हे बॅटरी मरेल हाय. केव्हाची मरेल हाय. कोणतं पाणी टाकत होते हिच्यात?"

हे म्हणाले, डिस्टिल, भाऊ नागपूरहून आणे. मिस्त्री म्हणे, नाई, हे विहिरीचं पाणी हाय, पट्ट्या पाहा, सडेल हाय साऱ्या. अशा बॅटरीवर त्यायनं तपासलं तं आकडा आला काय आन् नाई आला काय.

हे खाली बसले. मी दाराआड. गुड्डी माया पदराले तोंड पुसून राहिली होती.

चार दिवस मी बोलली नाई. लपवत नाई तुमच्यापासून, चार दिवस. मले वाटे, बोलली तं हे मले बोरगावले पोचवून देतीन आन् गुड्डीले ठेवून घेतीन. आई काय सांगन लोकायले, पोरीनं भासऱ्याले मारलं. आन् ललिता. रजिस्टरमधी तुमचं नाव आन् तिचं नाव खालीवर हाय, तुमच्या अक्षरात, दोघायपुढं जवळजवळ एकच आकडा. तुमचा आकडा तं नागपुरात दहापट निंघाला. मंग तिचा किती असन. तिच्या पोटात लेकरू, आन् डॉक्टर तो कागद पाहून तिले ताकतीची दवा देऊन राहिला असन. त्या दुपारी बत्ती उजळली हे साऱ्या जगात फक्त मले माहीत.

शनिवारी हे दुपारीच आले. म्या पातेलं आणून यायच्या समोर ठेवलं, बुडाच्या खारासकट, आन् सारं सांगतलं. पाणी. डबा. बत्ती. गुड्डी झोपली होती ते. मले वाटलं मारतीन, मारलं असतं तं बरं झालं असतं. हे एवढंच म्हणले, भाऊनं विचारलं होतं ना, डबा कसा पुरते म्हून. म्या म्हणलं, विचारलं होतं. हे म्हणाले, सकाळी सावरगावले जाऊ. म्या म्हणलं, सकाळी नाई, आत्ता.

जाम नदीच्या पलीकडं जाले किती वेळ लागते. पण तो पूल सरता सरेना. गुड्डी खांद्यावर, हे दहा पावलं पुढं. गिरजाबाई आंगनात तुरीच्या काड्या बांधून राहिली होती. म्या म्हणलं, ललिताले उन्हात आणा. तिच्या खालच्या पापण्या खाली केल्या, तुमी करत होते तशा, अंगठ्यानं. डोळे पिवळे. मले पाहून ललिता म्हणे, वहिनी, रिपोर्ट तं चांगला हाय ना. गिरजाबाईले म्या सारं सांगतलं, आंगनात, तिच्या मालकासमोर, दिरासमोर, कोणाचं नाव मधात न घेता. म्हणलं, रिपोर्ट आमच्या मोठ्या बाबामुळं चुकला नाई, बॅटरी खराब होती, म्या केली. गिरजाबाई मले वाईट वाईट बोलली. ते इथं सांगत नाई, तिचा हक्क होता.

त्याच दिवशी यायनं गाडी करून ललिताले नागपूरले नेलं. ललिता वाचली. आठव्या दिवशी तिचं लेकरू झालं, मेलेलंच झालं, मुलगा होता. मी चार दिवस दाबून ठेवलं होतं. म्या कोणाले विचारलं नाई का चार दिवस आधी सांगतलं असतं तं. उत्तर मले माहीत हाय, तेच असन.

यायनं मले बोरगावले पोचवून देल्लं नाई. राग बी करत नाई. पण आता हे बी गुड्डीच्या तोंडून बोलते. गुड्डी, मायले म्हणा भाजीत मीठ कमी हाय. मी पोळी लाटता लाटता आयकतो आन् मले तुमचाच आवाज वाटते, आन् मंग वाटते, नाई, तुमच्या आवाजात हसणं होतं. तुमचं ते न बोलणं माया मानाचं होतं. हे न बोलणं वेगळं हाय.

एकच बार यायनं सरळ विचारलं. मिस्त्री आला होता, वानखडे बी होते, कोणतं घ्याचं त्याच्यावर बोलणं चालू होतं, मिस्त्री म्हणे यंदा दोन बॅटऱ्या लावू, दुप्पट ओढतीन. हे दाराकडं पाहून म्हणाले, तू सांग. मी बाहेर आली. म्या सांगतलं, बॅटरी एकच, आन् तिच्यावर कलरीमीटर सोडून काईच नाई, दुर्बिणीची बत्ती बी नाई. लोखंडी ट्रान्सफॉर्मर यंदाच आणा. खून हातानं फिरवू. पाण्याचा डबा कुलपात, आन् कोण्या दिवशी किती टाकलं ते भिंतीवर लिहाचं. मिस्त्री यायच्याकडं पाहे. वानखडे म्हणे, बाईचं बरोबर हाय. तुमी हसले असते. नाई, यंदा नसते हसले.

चक्कीवर बी सांगून आली. पिठाची टोपली खाली ठेवून सांगतलं, बायका होत्या सहा-सात. आता त्या तुमचं नाव काढत नाई, माहं काढते. चालन.

परवा गिरजाबाई आली. ललिता सोबत, निस्ती काडी झाली हाय, पायरी चढाले दोनदा थांबली. मले वाटलं गिरजाबाई परत बोलाले आली, म्या गुड्डीले मागं केलं. ते म्हणे, नागपूरच्या डॉक्टरनं परत खून तपासाले सांगतलं हाय. म्या म्हणलं, मावशी, नागपूरलेच नेऊन तपासा, इथं नका. ते म्हणे, "तिथं मले कोण सांगाले येईन, चुकलं तं?"

वानखडेनं खून काढलं, दंड म्या धरला. नळ्या म्या फिरवल्या, हाताच्या मशीनवर, मनातल्या मनात मोजून. काटा शून्यावर आणला, नळी ठेवली, आकडा आला. म्या म्हणलं, परत शून्यावर घ्या. दुसऱ्या बार तोच आला. म्हणलं, अजून एक बार. वानखडे चिडले नाई. तिसऱ्या बार तोच. अजून वर हाय, पण उतरून राहिली कावीळ.

गिरजाबाईनं वानखडेले काई विचारलं नाई. मले विचारलं, बरोबर हाय का. म्या म्हणलं, बरोबर हाय. मंग तिनं सुनेच्या दंडाले धरून तिले उठवलं, चपला पायात घातल्या आन् पायरी उतरता उतरता, मागं न पाहता म्हणे, पुढच्या सोमवारी येतो मंग.